टोपीची कड

एखाद्याला टोपी घालणे म्हणजे फसवणे, हे आपण लहानपणीच शिकतो. पण दाढेला घातलेली टोपीही फसवते, हा धडा मला दिल्लीस मिळाला. दंतवैद्य तिला क्राउन, म्हणजे मुकुट म्हणतात. आपण मंडळी साधेपणाने कॅप म्हणतो. आधीच्या बदलीच्या गावी चार वर्षांपूर्वी मी ती बसवून घेतली. आरशात पाहावी तर मोत्यासारखी! गेल्या महिन्यात ती निघाली, तेव्हा आतली दाढ काळवंडून पोखरलेली होती.

टोपीत दोष नव्हता, तो कडेत होता, असे येथल्या डॉक्टरीणबाईंचे निदान. टोपी आणि दात यांच्या सांध्यात फट राहतेच. ती सिमेंटने भरतात. सिमेंट लाळेत हळूहळू झिजते आणि रिकाम्या जागेत जंतू बिऱ्हाड थाटतात. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी हजारांहून अधिक टोप्या तपासून १९७१ साली १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालण्याजोगी ठरवली. आमच्या कचेरीतला छपाईचा कागद सुमारे १०० मायक्रॉन जाड असतो. कागदांतच आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या दाढेचे भवितव्यही कागदाच्या जाडीवरच ठरावे ना!

वडिलांच्या दाढेवर सोन्याची टोपी होती. मेण वितळवून त्या जागी धातू ओतण्याची कला आपल्या मूर्तिकारांना फार जुनी ठाऊक. दातांसाठी ती विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ साली रूढ केली. सोने मऊ. त्याची कड हत्याराने घासून दाताशी भिडवता येते. वडिलांची टोपी अखेरपर्यंत हलली नाही. ते गेले तेव्हा तोंडात सोन्याचा कण ठेवताना एक वृद्ध आप्त हळूच म्हणाले, "अहो, यांच्या तोंडात आहेच की!"

आजच्या भावात सोने माझ्या पगाराला मानवणारे नव्हते. धातूवर चिनी माती चढवलेली टोपी वारंवार भट्टीत जाते, त्यात कड किंचित वाकण्याची भीती. झिर्कोनियाची टोपी आधी मोठी कोरतात, मग भट्टीत ती सुमारे पाचव्या हिश्श्याने आटते. कोऱ्या मांजरपाटाचा सदरा आटण्याचा हिशेब धरून शिवावा तशी. नीट केल्यास तिन्ही जाती बहुधा त्या मर्यादेत बसतात. दात कसा घासला, माप कसे घेतले, यावरच पुष्कळसे अवलंबून. पहिल्या खेपेस मी मात्र रंग तेवढा विचारला होता.

उरलेल्या दाढेवर झिर्कोनिया बसवायचे ठरले. दाढ वाचेल याची हमी मात्र बाईंनी दिली नाही. परवा सिमेंट लावण्यापूर्वी त्यांनी बारीक सळई कडेभोवती फिरवली. मी श्वास रोखून होतो. मागच्या बाजूला ती अडखळली. बाईंनी टोपी काढली, पुन्हा माप घेतले आणि मला पुढच्या मंगळवारी बोलावले.

रजेचा अर्ज मी आजच दिला आहे.