पान पिवळे पडले म्हणून वेल उपटू नका



द्राक्षाची कोवळी पालवी पिवळी पडली, की तासगाव भागातले बागाईतदार पान घेऊन आम्हा विस्तार अधिकाऱ्यांकडे येतात. आम्ही सांगतो, "जमीन चुनखडीची आहे. लोह मातीत आहे, पण मुळाला ते उचलता येत नाही." माझ्या अंगात असेच काही घडले, तेव्हा मात्र मला ते ओळखता आले नाही.

साखरेच्या आजारावर मी नऊ वर्षे मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेतो. गेल्या साली बांधावरून चालताना धाप लागू लागली, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. कुणी म्हणाले, गोळ्या बाधल्या. मी आपल्या मनाने त्या सोडल्या आणि साखर भलतीच चढली. दिवाळीला गावी साताऱ्याकडे गेलो, तेव्हा सौभाग्यवतींनी हट्टाने दवाखान्यात नेले. तपासणीत रक्त कमी, तांबड्या पेशी थोड्या पण आकाराने मोठ्या, आणि बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

डॉक्टरांनी उलगडा केला. ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यावर काहींच्या आतड्यात बी-१२ कमी शोषले जाते. त्यातून आमचे घर माळकरी. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसते. दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या २००६ सालच्या पाहणीत तर तिघा पुरुषांपैकी दोघांत ते कमी आढळले होते.

तेव्हा मंडळी, गोळी बरीच वर्षे चालू असेल, तर डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा. नुसत्या फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांवर भागवू नका. रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण आत नसांची हानी चालूच राहते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी फार क्वचित तांबड्या पेशी फुटतात. डोळे पिवळे दिसले, लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नका. माझी गोळी चालूच आहे, जोडीला बी-१२ची इंजेक्शने घेतली. धाप गेली. मुंग्या थोड्या राहिल्या आहेत, ती माझ्या उशिराची शिक्षा. पान पिवळे पडले म्हणून कोणी वेल उपटत नाही. कमी काय पडले ते पाहतो.