हाडांचे वय आणि दाखल्यावरचे वय



माझ्या आधारकार्डावर जन्मतारीख 1 जून आहे. आई सांगायची, तू घटस्थापनेच्या आदल्या दिवशी झालास. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिली आणि तीच आयुष्यभर चिकटली. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांची हीच गोष्ट असेल. बारामतीच्या माझ्या दवाखान्यात केसपेपर काढताना कितीतरी आजी-आजोबांचा वाढदिवस 1 जूनच निघतो. आपण हसतो आणि सोडून देतो.

पण मुलांच्या खेळात वयाचा हा घोळ हसण्यावारी नेता येत नाही. आज त्याबद्दलच लिहितो आहे, कारण याच बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली आणि दुसऱ्यांदा होता होता राहिली.

2017 च्या ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, आठवतो ना? 24 देशांचे संघ आले होते. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणि गोव्यात मडगावलाही सामने झाले. आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. दिल्लीत 9 ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगने हेडरने गोल केला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना जिंकला, पण तो आनंद कुणी हिरावून घेऊ शकले नाही. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांतून दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा सरकारी उपक्रम झाला होता. शाळाशाळांना चेंडू मिळाले. आपल्या बारामती-इंदापूरकडे कबड्डी आणि क्रिकेटच जास्त. पण त्या वर्षी उसाच्या फडाशेजारच्या मैदानांवरही पोरे फुटबॉल तुडवताना दिसली.

त्यातलाच एक मुलगा 2018 च्या पावसाळ्यात माझ्यासमोर बसला होता. दर गुरुवारी मी इंदापूरला ओपीडी घेतो, तिथे लासुर्णे भागातून एक कुटुंब आले. आई-वडील पूर्वी ऊसतोडीला आलेले, नंतर इथेच शेतमजूर म्हणून राहिलेले. मुलगा फडावरच्या कोपीत जन्मला. जन्माची नोंद राहूनच गेली. शाळेच्या दाखल्यावर अर्थातच 1 जून आणि त्या हिशेबाने वय पंधरा.

वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगं लई चांगलं पळतंय. पण अंगानं बारीक हाय, सतरावाल्यांत त्याला कोणी घेत न्हाई. तेरा वर्षं वय लिहून दिलं तर चौदाच्या आतल्या संघात बसंल."

शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. मुलगा मान खाली घालून बसला होता. उंची वर्गात सर्वांत कमी, आवाज अजून फुटलेला नाही, ओठावर लव नाही. तब्येत मात्र ठणठणीत. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासले, दोन्ही ठीक निघाले. मग डाव्या हाताचा, मनगटासकट, एक्स-रे काढला. रेडिऑलॉजिस्ट मित्राने पाहून सांगितले की हाडांचे वय साधारण तेरा वर्षे आहे.

वडिलांचा चेहरा उजळला. "म्हंजे तेराचाच की! मशीनच सांगतंय. लिवा मग."

आता इथे थोडे थांबून शास्त्र समजून घेऊ.

हाडांचे वय म्हणजे काय?

वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते. तिला ग्रोथ प्लेट, म्हणजे वाढीची पट्टी म्हणतात. तिथे नवे हाड तयार होते आणि उंची वाढते. एक्स-रेमध्ये ही पट्टी काळ्या रेघेसारखी दिसते. वयात येताना संप्रेरकांमुळे ही पट्टी हळूहळू भरत जाते, शेवटी हाड एकसंध होते आणि उंची थांबते. मुलांमध्ये मनगटाजवळची पट्टी साधारण 17 ते 19 या काळात पूर्ण जुळते. मुलींमध्ये ती त्याच्या दोनेक वर्षे आधी जुळते.

फिफाने याचाच उपयोग केला. 2009 पासून 17 वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकासाठी मनगटाचा एमआरआय वापरात आला. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे निरोगी मुलाला त्रास नाही. पट्टी कितपत जुळली त्याच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. सहाव्या पायरीवर, म्हणजे हाड पूर्ण जुळलेले असेल, तर तो मुलगा 17 च्या आतला असण्याची शक्यता अगदीच कमी. 2009 साली यजमान नायजेरियाच्या अनेक मुलांना या तपासणीनंतर संघाबाहेर राहावे लागले. आपल्याकडे क्रिकेटमध्येही 16 वर्षांखालील मुलांसाठी मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात.

पण एक लक्षात घ्या. हाड जुळलेले असेल तर "हा बहुधा मोठा आहे" एवढे कळते. हाड जुळलेले नसेल तर "हा लहानच आहे" हे त्यावरून सिद्ध होत नाही. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन निरोगी मुलांच्या हाडांच्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. कुणी लवकर वयात येतो, कुणी उशिरा. अनेकदा बापही असाच उशिरा वाढलेला असतो. हाड मुलाची वाढ कुठवर आली ते सांगते. जन्मतारीख सांगणे हे हाडाचे काम नाही.

मी वडिलांना विचारले, "तुम्ही कधी वाढलात?" ते हसले. "मिसरूड फुटायला अठरा लागली मला."

मग मी धाकट्या बहिणीचे वय विचारले. ती सरकारी दवाखान्यात जन्मलेली, तिचा दाखला घरात होता. ती तेरा वर्षांची होती आणि हा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "मग दोघं काय जुळी दाखवायची का?"

खरे सांगतो, हातात तो एक्स-रे होता आणि तेरा लिहिले असते तर मला कोणी जाब विचारला नसता. पोरगा गुणी होता, गरीब होता. सही करायला दोन सेकंद लागतात.

पण मला जुनी सही आठवली. प्रॅक्टिस सुरू करून तीन-चार वर्षे झाली होती. ओळखीतल्या एका माणसाच्या मुलासाठी मी अंदाजे वय दीड-दोन वर्षे कमी लिहून दिले. शालेय कबड्डीचा संघ होता. कुणाचे काय बिघडते, असे मनाशी म्हटले. पुढे कितीतरी वर्षांनी माझे कंपाउंडर काका निवृत्त होताना सहज बोलून गेले, "त्या वर्षी आमचा पोरगा राखीवमध्ये राहिला, साहेब. मग खेळणं सोडलंच त्यानं." तक्रारीचा सूर नव्हता. तो दाखला त्यांनीच माझ्यापुढे सहीला ठेवला होता. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नव्हते.

म्हणून इंदापूरला मी सही केली नाही. वडिलांना सांगितले, "आज जे तुम्हाला वाईट वाटतंय, तीच चांगली बातमी आहे. याच्या हाडाच्या पट्ट्या अजून उघड्या आहेत. वर्गातली उंच पोरं लवकरच थांबतील, हा नंतर वाढेल." ते नाराज होऊनच गेले. त्या वर्षी मुलगा कुठल्याच संघात बसला नाही, हेही तुम्हाला सांगायला हवे.

पालकांनो, एवढे लक्षात ठेवा

1. चौदाव्या वर्षी धिप्पाड दिसणारा मुलगा नेहमीच जास्त गुणी असतो असे नाही. अनेकदा तो फक्त लवकर वाढलेला असतो. 2017 च्या विश्वचषकाला 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतर जन्मलेली मुले पात्र होती. जानेवारीत आणि डिसेंबरात जन्मलेली मुले एकाच गटात, पण या वयात अकरा महिन्यांचा फरक मोठा असतो.

2. वय लपवलेला मोठा मुलगा लहानांत खेळला तर इजा लहानांना होते. वाढीची पट्टी तिच्या आसपासच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. मुलाचे मनगट किंवा घोटा सुजला आणि हाडावर दाबून दुखत असेल, तर "मुरगळलंय" म्हणून चोळू नका. एक्स-रे काढून घ्या.

3. खेळणाऱ्या मुलाची टाच किंवा गुडघ्याखालचे उंचवट्याचे हाड दुखत असेल, तर बहुतेक वेळा तो वाढीच्या काळातला ताण असतो. खेळ कमी केला की तो बरा होतो. दुखणे दाबून खेळवू नका.

4. मुलामध्ये चौदाव्या वर्षापर्यंत आणि मुलीमध्ये तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हे नसतील, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल किंवा वर्षभरात उंची फारशी वाढली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांना फक्त धीर लागतो, काहींना उपचार लागतात.

5. उंचीच्या पावडरी आणि "बॉडी"ची इंजेक्शने यांपासून दूर राहा. स्टिरॉइडमुळे वाढीच्या पट्ट्या लवकर बंद होतात आणि होणारी उंचीही जाते. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, अंडी आणि पुरेशी झोप, एवढे पुरते.

6. जन्माची नोंद राहिली असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत चौकशी करून खरी तारीख नोंदवून घ्या. डॉक्टरांकडे सोयीचे वय मागू नका. आम्हीही माणसे आहोत, कधी तरी देऊन बसतो.

तो मुलगा गेल्या वर्षी आईला बीपीसाठी घेऊन आला. दारातून वाकून आत आला, माझ्याहून चांगला वीतभर उंच. मोठा खेळाडू झालेला नाही. कारखान्याच्या बाजूला नोकरी करतो आणि रविवारी गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. मी विचारले, "संघ निवडताना वय कसं बघतोस?"

म्हणाला, "दाखला बघतो, सर. आणि बारक्यांनापण खेळवतो. ते नंतर वाढत्यात."

काळजी घ्या. मुलांना खेळू द्या, त्यांच्या खऱ्या वयाने.