वरची जागा

विमान आकाशात असते तोवर त्याच्या बिऱ्हाडाचा प्रश्न उद्भवत नाही. ते जमिनीवर उतरले, की मात्र गिरगावात नवा संसार मांडू पाहणाऱ्या जोडप्यासारखी त्याची अवस्था होते. राहायचे कुठे? बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात तयार झालेले आणि १९५८ साली प्रथम उडालेले ‘पुष्पक’ घ्या. बसणार माणसे दोन, रिकामे वजन चारशे किलोच्या आसपास. पण पंखांचा पसारा ३६ फूट! आमच्या चाळीत एवढ्या रुंदीत तीन बिऱ्हाडे सुखाने नांदतात.

या अडचणीवर विमानवाल्यांनी दोन तोडगे काढले. पहिला पंख मिटण्याचा. विलायतेत डी हॅविलँडने १९२५ साली ‘मॉथ’ नावाचे विमान काढले. मॉथ म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. त्या पतंगाप्रमाणेच याचे पंख मागे मिटत आणि तीस फुटांचा पसारा सुमारे दहा फुटांवर येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा जुहूच्या विमानतळावर उतरले, ते ‘पस मॉथ’ही असेच पंख मिटणारे. दुसरा तोडगा आम्हां मुंबईकरांच्या अधिक ओळखीचा आहे: विमान सरळ छताला टांगायचे आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे ढकलायचे! हलकी विमाने बाळगणारे हौशी लोक हँगरमध्ये असे करतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या विमानवाहू नौकांवरही राखीव विमाने हँगरच्या छताखाली अशीच टांगलेली असत.

हे मी प्रथम ऐकले तेव्हा मला तिळमात्र आश्चर्य वाटले नाही. गिरगावात ज्याचा जन्म गेला, त्याला टांगण्याचे कौतुक कोणी सांगायचे? खोलीची जमीन अंथरुणांनी, पाटांनी आणि पाहुण्यांनी केव्हाच व्यापलेली. उरते ती वरची जागा. दुधा-लोण्याचे शिंके वर, धुणे काठीने सारायची दांडी वर, पावसाळ्यात सायकल वर, आणि पोटमाळ्यावर तर साक्षात पूर्वजांच्या ट्रंका. आमच्या चिराबाजारचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, असे गिरगावात अभिमानाने सांगतात. त्याला त्या काळचा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. पण खऱ्या गिरगावकराला पडणारा प्रश्न निराळाच आहे. विमान उडाले की नाही हे राहू द्या. ते रात्री ठेवत कुठे होते?

मात्र टांगणे म्हणजे नुसता खिळा ठोकणे नव्हे. चाळीतल्या पोरालाही ठाऊक असते, की पाळण्याची कडी तुळईला असते. तुळयांवरच्या फळीला कधीच नाही. फळी माणसाला पेलते, पण खालून ओढ बसली की दगा देते. हँगरमध्ये हाच न्याय चालतो. छताचे लोखंड हे छताचे स्वतःचे वजन आणि वाऱ्याचा मारा सोसण्यापुरते असते. चारशे किलोचा पाहुणा तिथे लटकवायचा, तर आधी इंजिनिअरला विचारावे लागते. विमानालाही कुठेही धरून चालत नाही. अंगावरचे कापड किंवा पत्रा ही नुसती कातडी. धरायचे ते हाडाला, म्हणजे इंजिन ज्या सांगाड्यावर बसते तिथे आणि पंख जिथे धडाला जोडलेले असतात तिथे. इंजिन पुढे असल्यामुळे नाक जड, शेपूट हलके. तेव्हा पाळण्याच्या चारी दोऱ्या सारख्या करतो, तसा तोल साधावा लागतो. आधी टाकीतले पेट्रोल काढायचे, मग चेन-पुलीने विमान सावकाश वर घ्यायचे. आणि वर गेले, की ते पुलीच्या भरवशावर सोडायचे नाही. निराळ्या साखळ्यांनी बांधायचे.

ही विद्या आपल्या मुंबईला परकी नाही. परळच्या रेल्वे कारखान्यात अख्खी इंजिने क्रेनने उचलून अधांतरी नेली जात. शेजारच्या गिरण्यांत एके काळी छताखालून लोखंडी दांडे फिरत आणि त्यांवरून उतरणाऱ्या पट्ट्यांनी खालची यंत्रे चालत. त्या गिरण्यांतला लालबाग-परळचा कामगार घरी येई, तो दहा-पंधरा जणांच्या गाळ्यात. पाळीप्रमाणे झोपायचे, आणि प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे एक ट्रंक व भिंतीवरची एक खुंटी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर किती खुंट्या कायमच्या रिकाम्या झाल्या, त्याची मोजदाद कोणी करावी?

टांगण्याचेही दोन प्रकार असतात. लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात टांगून ठेवले. ते टांगणे भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीसारखे. नमस्कार करायचा, खाली काढायचे ते पुसण्यापुरते. हँगरमधले टांगणे मात्र शिंक्यासारखे. ते उद्या खाली उतरणार, त्याला पुन्हा काम पडणार, म्हणूनच तर वर जपून ठेवलेले!

हा भेद गेल्या वर्षी आमच्या चाळीत चांगलाच ऐरणीवर आला. सध्या सगळीकडेच जुनी घरे जाऊन मनोरे उठत आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या सोडलेल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमचीही चाळ पाडायची ठरली. नकाशे दाखवायला आर्किटेक्ट आले, तेव्हा कोणी कार्पेट एरिया विचारला, कोणी पार्किंग, कोणी लिफ्ट. सगळ्यांचे झाल्यावर पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “अहो साहेब, यात पाळण्याची कडी कुठे आहे हो?”

सभा हसली. पण आर्किटेक्ट हसले नाहीत. ते म्हणाले, “आजी, बरे झाले आत्ताच विचारलेत. कडी स्लॅब ओतण्याआधीच लोखंडात अडकवावी लागते. मागाहून भोक पाडून बसवली, तर तिच्यावर तान्हे मूल टांगायला मी सांगणार नाही.”

सभा एकदम गप्प झाली. आमच्या घरचा सागवानी पाळणा सुटा करून पोटमाळ्याच्या तुळईला बांधलेला आहे. माझे वडील त्यात निजले, मी निजलो, माझी मुले निजली. नव्या घरात पोटमाळा नाही, तुळई नाही. कडीही नसती, तर तो पाळणा दिवाणखान्यात शोभेची वस्तू झाला असता किंवा भंगारवाल्याकडे गेला असता. आजींच्या एका प्रश्नाने तो तसबिरीच्या रांगेतून पुन्हा शिंक्याच्या रांगेत आला.

वाचकहो, तुमचीही चाळ जाणार असेल, तर चौरस फुटांबरोबर ही वरची जागाही मागून घ्या. आणि ती स्लॅब ओतण्याआधी मागा. आमच्या नकाशावर आता प्रत्येक घरामागे लाल पेन्सिलीने एकेक फुली आहे. आजींनी चष्मा लावून त्या सगळ्या मोजल्या आणि लग्नाच्या वयाच्या पोरांकडे वळून म्हणाल्या, “कडीचे मी पाहिले. पुढचे आता तुम्ही पाहा!”