हजेरीबुकातला आषाढ

तलासरी नाक्यावरून सकाळी खच्चून भरलेल्या इको गाड्या निघतात, त्यातल्या कितीतरी उंबरगाव, संजाण, सरीगाम, भिलाडच्या वाटेला लागतात. शेजारच्या डहाणूत 1991 च्या अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि प्रदूषण करणाऱ्या मोठ्या उद्योगांना बंदी आली. चिकूच्या वाड्या टिकल्या, फुग्यांचे छोटे कारखाने टिकले. बाकी नोकरी गुजरातच्या सीमेपलीकडे, घर आणि शेत इकडे. कामावरच्या खाड्यांची रड इथूनच सुरू होते.

*

आवणी (भातलावणी), मग भातकापणी, चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा. खाडे कधी पडणार हे आधीच ठाऊक असतं. तरी दर जुलैत मुकादम नव्याने चकित होतो: "आज पण आली नाय?"

*

राबातलं रोप तयार झालं आणि पाऊस लागला की आवणी थांबत नाही. आठवडाभराची हजेरी बुडाली तरी चालेल, वर्षाचं भात बुडून चालणार नाही. याला बेशिस्त म्हणणाऱ्याने एकदा स्वतः हा हिशेब मांडून पाहावा.

*

हजेरी बोनसची गंमत. एक दिवस चुकला की महिन्याचा सगळा बोनस जातो. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धावत यायचं कशाला? तसंच सांगून घेतलेल्या सुट्टीचं: सांगितलं तरी पैसे कापले, न सांगता राहिलं तरी कापले. फोन कोण करणार?

*

1948 च्या फॅक्टरी कायद्यात वीस दिवसांच्या कामाला एक भरपगारी रजा होती, पण त्यासाठी वर्षात 240 दिवस भरावे लागत. नव्या श्रमसंहितेने ते 180 वर आणले. ठीक. पण ठेकेदाराने मध्येच ब्रेक दिला, तर तेही कसे भरणार?

ईएसआय पोराला औषध देते. त्याच्या उशाशी बसलेल्या आईचा बुडालेला रोज देत नाही. आजारपणाचा भत्ता फक्त कामगाराच्या स्वतःच्या आजाराला. पाळणाघराची सक्ती 50 कामगारांपासून पुढे, म्हणजे दहा-पंधरा बायांच्या फुगे कारखान्याला लागूच नाही.

*

बापाच्या हजेरीबुकात पोराचा ताप सहसा सापडत नाही.

*

डहाणूतल्याच कोसबाडला गैरहजेरीचा हा प्रश्न आधीच येऊन गेला होता, फक्त तिथे गैरहजर होती ती मुलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येईनात, कारण कुणाला गुरं राखायची होती, कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं होतं. पोरांना आणि आईबापांना बोल लावण्यापेक्षा या दोघींनी शाळाच हलवली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरवली. भावंडांसाठी पाळणाघर आणि बालवाडी प्राथमिक शाळेलाच जोडली; ती विकासवाडी. बहीण शिकायला बसली, धाकटं शेजारी खेळायला लागलं. उंबरगावच्या एचआरवाल्यांनी एकदा ही टेकडी चढून यावी.

*

मशीनच्या देखभालीसाठी युनिट चार दिवस बंद ठेवायचंच असेल, तर ते आवणीत का ठेवू नये?

*

शेठ आणि ठेकेदार हे वाचत असतील तर एवढंच करा: ज्येष्ठ लागताच कामगारांना विचारून आवणीच्या पाळ्या ठरवा, बदली माणसं आधी सांगून ठेवा आणि ती यादी गेटजवळ लावा. सांगून गेलेल्याचा बोनस कापू नका.