चवडा आणि टाच

टॅपच्या बुटाच्या तळाला धातूच्या दोन पत्र्या असतात, एक चवड्याखाली, एक टाचेखाली. वाद्य एवढंच. नवशिका ते जोर लावून आपटतो आणि आवाज बद्द येतो. मग पहिला धडा शफलचा. घोटा सैल सोडून चवडा पुढे घासायचा, तसाच मागे ओढायचा. दोन्ही आवाज स्वच्छ हवेत, आणि अंगाचा भार तेवढा वेळ दुसऱ्या पायावर. फ्लॅपमध्ये मात्र पुढे घासलेला पाय टेकतो आणि भार त्याच्यावर येतो. या दोन पदन्यासांतला फरक अंगात मुरला की पुढचं सगळं उलगडत जातं. टॅप शिकणं म्हणजे आपला भार या क्षणी कुठे आहे ते ओळखणं, असं मला ठामपणे वाटतं.

क्रॅम्प रोल बघा: उजवा चवडा, डावा चवडा, उजवी टाच, डावी टाच. विलंबित लयीत चार सुटे ठोके. लय चढवली की तेच घरंगळत एक होतात. टाइम स्टेपमध्ये तबल्याच्या ठेक्यासारखी एकच चाल घोळत राहते आणि मग ‘ब्रेक’ येऊन ती मोडते.

या पायांमागे मोठं दुःख आहे. 1739 च्या गुलामांच्या स्टोनो उठावानंतर अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाने कायदा करून त्यांच्या हातातले ढोल काढून घेतले. ताल अंगात उरला. पुढे आयरिश जिग आणि इंग्लिश क्लॉगशी त्याची गाठ पडली, आणि 1840 च्या दशकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत नर्तक विल्यम हेन्री लेन, म्हणजे ‘मास्टर जुबा’, गाजला. नंतर टॅप-नर्तक बिल रॉबिन्सनने नाच चवड्यावर उचलला. ‘द लिटल कर्नल’ चित्रपटात (1935) तो जिना चढतो तेव्हा पायऱ्याच वाजतात. जॉन बबल्सने टाच पुन्हा खाली आणली, आणि टॅपला खर्ज मिळाला!

वरच्या वर्गात पुलबॅक येतो. दोन्ही पाय जमीन सोडतात आणि सोडता सोडता चवडे मागे घासून वाजतात. इथे भार हवेतच पेलायचा. ‘स्टॉर्मी वेदर’ चित्रपटातले (1943) निकोलस बंधू एकमेकांवरून उड्या घेत जिना उतरतात ते पाहून श्वास अडकतो. तरी मला जास्त ओढ टॅप-नर्तक जिमी स्लाइडची आहे. तो घसरत जातो, मधली जागा मोकळी ठेवतो आणि नेमका समेला ठोका देतो.

कथकचे पंडित चित्रेश दास आणि टॅपचा जेसन सॅम्युएल्स स्मिथ ‘इंडिया जॅझ सूट्स’मध्ये घुंगरू आणि पत्र्यांचे सवाल-जवाब करत. शिकणाऱ्याने या सवाल-जवाबांचं चित्रण आधी डोळे मिटून ऐकावं. कुठला चवडा, कुठली टाच, भार कुठून कुठे गेला, हे कानाला कळतंय का ते पाहावं. मग डोळे उघडून पडताळावं.