आवाज किती किलोचा?

बेस गिटार वाजवतो असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘चारच तारा? बाकीच्या दोन तुटल्या का?’ आणि दुसरा, ‘गाण्यात ती असते कुठे?’ पहिल्याला उत्तर द्यायचं नसतं. दुसऱ्यासाठी मी आर. डी. बर्मनची गाणी ऐकायला सांगतो. गायक, तबला, व्हायोलिन सगळं सोडून फक्त तळाचा आवाज पकडा. त्यातल्या कितीतरी गाण्यांत तो टोनी वाझ यांच्या बोटांतून आलेला आहे. किंवा ‘इंडियन ओशन’चे राहुल राम पाहा. आयआयटी कानपूरची एमएस्सी, कॉर्नेलची पीएचडी, मग नर्मदा बचाव आंदोलन आणि हातात बेस! घरी बेस घ्यायची परवानगी मी या माणसाच्या डिग्र्या दाखवूनच मिळवली.

पण मित्रांनो, हा लेख गिटारवर नाही. तो ‘हत्ती’वर आहे.

हॉस्टेलमध्ये राहिलेल्या प्रत्येकाला हत्ती माहीत आहे. ज्यांना नाही, त्यांनी तो उचललेला नाही एवढाच अर्थ. बऱ्याच वर्षांपूर्वी लॅबमधल्या काकांनी तेव्हाच्या फायनल इयरच्या पोरांना हाताशी धरून बनवलेला हा बेस ॲम्प. १९ एमएम प्लायची पेटी, पंधरा इंची स्पीकर, टू-एन-३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी, ६० वॅट आणि काकांनी स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. आवाज? गोल, जाड आणि जोरात वाजवला की किंचित घोगरा. घसा बसलेले भजनी बुवा वरच्या पट्टीत जातात तेव्हा जसं होतं, तसा. चार वर्षं मी त्याच आवाजावर वाजवलं. खरं सांगायचं तर माझं वाजवणं यथातथाच आहे, अर्धं काम हत्तीच करायचा.

हत्ती राहतो बॉइज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर. गॅदरिंग आलं की चार पोरं, दोन दोऱ्या आणि एक शिवीगाळ करणारा सुपरवायझर लागतो.

यंदा मी पास आऊट होणार (युनिव्हर्सिटीची इच्छा असेल तर), म्हणून बेस कुणाकडे द्यायचा हा प्रश्न आला. खरं तर प्रश्न नव्हताच. सेकंड इयर सिव्हिलची एक मुलगी माझ्यापेक्षा चांगलं वाजवते. ‘मा रेवा’ तिने आठवड्यात बसवलं. मला एक सेमिस्टर लागलं होतं. पण ती म्हणाली, ‘दादा, मला वाजवता येतं, उचलता येत नाही. आणि तुमच्या हॉस्टेलमध्ये मला येताही येत नाही. मग मी प्रॅक्टिस कशावर करू?’ तोवर ती वर्षभर इअरफोन लावून वाजवत होती. चार पोरं मोकळी सापडली तर हत्ती खाली, नाही सापडली तर ती आपली सबमिशन लिहीत बसायची.

गॅदरिंगच्या शिल्लक पैशातून हलका ॲम्प घ्यावा अशी सूचना आली आणि बँडमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. ड्रमरचं म्हणणं, हलका ॲम्प म्हणजे हलका आवाज, प्लास्टिकच्या बादलीसारखा. मी कुठल्या पार्टीत होतो? सांगतो. मला तो आवाज सोडायचा नव्हता आणि तिचा मुद्दा खोडता येत नव्हता.

काका म्हणाले, ‘आवाज वजनात नसते रे बाबू. कुठी असते ते पाहा लागते.’

मग आम्ही हत्ती खोलला आणि मेसमध्ये कांदे मोजतात त्या काट्यावर एकेक भाग ठेवला. पेटी २४ किलो, स्पीकर साडेसात, ट्रान्सफॉर्मर पाच, चॅसी आणि हीटसिंक मिळून साडेचार. एकूण ४१. (कांद्याचे साल हीटसिंकमध्ये अडकले ते वेगळे.)

यातला ट्रान्सफॉर्मर जड का, हे सेकंड इयरच्या पोरालाही सांगता यावं. ४.४४ गुणिले एफ, एन, बी, ए. वायव्हाला आपण हे सूत्र घोकतो आणि बाहेर पडताच विसरतो. भिंतीतून येणारी वीज ५० हर्ट्झची, म्हणून गाभ्याचं क्षेत्रफळ मोठं, म्हणून लोखंड. हीच वीज आधी डीसी करून मग लाखभर हर्ट्झने तोडली तर तेवढीच पॉवर मुठीत मावणाऱ्या फेराइटमधून जाते. मोबाइलचा चार्जर खिशात मावतो तो याच कारणाने. हीटसिंकचं तसंच. जुन्या पद्धतीच्या क्लास-बी ॲम्पची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, उरलेली उष्णता. क्लास-डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, त्यामुळे प्रत्यक्षातही ती नव्वदच्या आसपास पोचते. मे महिन्यात आपल्या वर्ध्यात हा फरक हाताला कळतो. (क्लास-डीमधला ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सीनंतर आला म्हणून डी. वायव्हात विचारतात!) आणि स्पीकरचं वजन बहुतेक त्याच्या चुंबकाचं. १९८० च्या दशकात निओडिमियमची चुंबकं आली आणि तेवढीच ताकद थोड्या वजनात मिळू लागली. महाग असतात, पण असतात.

म्हणजे जड असणं ही कुणाची आवड नव्हती, तो नाइलाज होता. १९६९ साली अमेरिकेत आलेला ॲम्पेगचा एसव्हीटी घ्या. ३०० वॅट, चौदा व्हॉल्व्ह, नुसतं वरचं डोकंच ३५ किलोच्या पुढे. खालच्या आठ स्पीकरच्या पेटीला लोक ‘फ्रिज’च म्हणतात. मोठ्या मैदानात बेस पोचवायला तेव्हा दुसरा उपायच नव्हता.

इथे जरा विषयांतर करतो. मगन संग्रहालयात आपण एकदा तरी गेलेलो असतो, निदान घरचे आल्यावर त्यांना दाखवायला. गांधीजींनी १९३८ मध्ये उघडलेलं ते संग्रहालय. तिथले तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहताना मला १९२९ ची ती स्पर्धा आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्याला एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचा, एखाद्या टेंडरसारख्या आहेत. चरखा हलका हवा, इकडून तिकडे नेता यायला हवा, खेड्यातल्या साध्या झोपडीत चालायला हवा. बाईला त्यावर सलग आठ तास फार कष्ट न होता काम करता यायला हवं. किंमत दीडशे रुपयांच्या आत. नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकायला हवा. आणि सूत मात्र ठरलेल्या नंबरचं, ठरलेलं तेवढं निघायलाच हवं! बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण पेटी चरखा बघा. एका मोठ्या चाकाऐवजी दोन लहान चाकं, एकाने दुसऱ्याला पळवायचं आणि दुसऱ्याने चातीला. आकार काढून घेतला, वेग वाढवला. आमच्या पाच किलोच्या ट्रान्सफॉर्मरचं झालं ते याहून फार वेगळं नाही. ‘बाईला चालवता यावा’ ही अट तेव्हा पहिल्या दोनांत होती, हे मात्र मी ड्रमरला मुद्दाम वाचून दाखवलं.

असो. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्या ओळखीच्या दादाकडून दोन दिवसांसाठी हलका सेट आणला. अडीच किलोचं क्लास-डी डोकं आणि निओडिमियमच्या बारा इंची स्पीकरची साडेतेरा किलोची पेटी. ट्रेनमध्ये मी तो एकट्याने चढवला, एका हातात चहा होता.

मग चाचणी. आमच्या सरांनी एकच अट घातली: दोन्हींचा आवाज आधी सारखा करा, नाहीतर ही चाचणी नव्हे, कॉलेजची निवडणूक. माणसाच्या कानाला कमी आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. त्यामुळे जो किंचित मोठा तोच भरदार वाटतो. आम्ही १०० हर्ट्झचा सूर देऊन स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने तीन व्होल्ट जुळवले. मध्ये चादर. पाच ऐकणारे, प्रत्येकी चार वेळा.

पहिली फेरी: पेटी हत्तीचीच, डोकी दोन. वीसपैकी ११ उत्तरं बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. ड्रमर चारपैकी तीन चुकला आणि चादरीला दोष देऊ लागला.

दुसरी फेरी तशीच, पण स्टेजवर वाजवतो तेवढ्या जोरात. आता १७ बरोबर! हा निव्वळ योगायोग नव्हे, प्रॉबॅबिलिटीत केटी लागलेल्यालाही कळेल. जोर लावला की काकांच्या सप्लायचा व्होल्टेज खाली बसतो, लाटेची टोकं दबतात आणि तो घोगरेपणा येतो. नवं डोकं ३०० वॅटचं, त्याला घामच येत नव्हता.

तिसरी फेरी: डोकं एकच, पेट्या दोन. वीसपैकी वीस. माल पेटीत होता तर!

लॅबचा माइक आणि मोबाइलवरचं स्पेक्ट्रम ॲप लावून बघितलं तेव्हा मात्र मी थक्क झालो. हत्तीचा ‘खोल’ आवाज खोल नव्हताच. ९० हर्ट्झच्या आसपास एक मोठा उंचवटा, ६० च्या खाली उतार आणि तीन हजारांच्या वर जवळजवळ काही नाही. बेसची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. ती मूळ कंपनं हत्ती धड काढतच नव्हता. ८२ आणि १२३ चे वरचे सूर ऐकून आपला कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. चार वर्षं ज्या खर्जावर मी जीव टाकला, त्याचा बराचसा भाग माझ्याच डोक्यात तयार होत होता.

एकदा हे दिसल्यावर पुढचं काम सोपं झालं. हलक्या पेटीचा ट्वीटर बंद. तीन हजारांच्या वरचं सगळं खाली, ९० ला चार डेसिबल वर, ४० च्या खाली कात्री, म्हणजे छोटा कोन उगाच हेलकावे खात नाही. घोगरेपणासाठी काकांनी एक ऑप-ॲम्प आणि दोन डायोड घालून छोटं पेडल जोडून दिलं. त्यात मूळ आवाजही थोडा तसाच पुढे जातो, नाहीतर खर्ज पातळ होतो. चिमटीत सोल्डर धरून काकांना चष्म्याच्या वरून बघत काम करताना पाहणं हा वेगळाच क्लास आहे.

एक गणित लक्षात ठेवण्यासारखं. छोटी पेटी त्याच वॅटला चार डेसिबल कमी वाजत होती. पेटी लहान, खर्ज खोल आणि आवाज मोठा, यातल्या दोनच गोष्टी मिळतात, तिसरीची किंमत वॅटमध्ये मोजावी लागते. चार डेसिबल म्हणजे अडीचपट पॉवर. ६० चे १५०. पूर्वी हे परवडलं नसतं. आता अडीच किलोत ३०० वॅट मिळतात, म्हणून परवडतं. आणि मोठ्या हॉलमध्ये ॲम्पच्या मागून वायर काढून सरळ मिक्सरला देता येते. तिथे लोकांपर्यंत पोचवायचं काम मोठ्या स्पीकरचं, ॲम्प फक्त वाजवणाऱ्याला ऐकू येण्यापुरता.

सगळं लावून पुन्हा जोरात फेरी घेतली. १२ बरोबर.

तरी दोन गोष्टी राहिल्याच, त्या लपवत नाही. हत्ती वाजला की फरशी पायाला कळायची, ते हलक्या पेटीत नाही आणि कुठल्या इक्वलायझरने येणारही नाही. दुसरी गोष्ट काकांची. ‘हे जयलं तर कोन उघडन? टाचनीच्या टोकाएवढे पार्ट हायेत त्याच्यात. माह्या हत्तीचा ट्रान्झिस्टर बर्डीवर कोनत्याबी दुकानात भेटते.’ हे खरं आहे. हलक्या ॲम्पचा बोर्ड गेला तर बहुधा अख्खा बदलावा लागतो. वीस वर्षं टिकण्याच्या त्या जुन्या अटीत तो बसेल की नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. काका पुढच्या उन्हाळ्यात रिटायर होतायत, तेव्हा हत्तीची तरी खात्री कोण देणार?

शेवटी तसंच डोकं सेकंडहँड घेतलं आणि पेटी वर्ध्याच्या एका सुताराकडून १२ एमएम प्लायमध्ये करून घेतली. त्याने एवढी पातळ पेटी पाहून ‘आत आडवे दांडे टाकू का?’ विचारलं, बिचाऱ्याने न शिकता आमचं व्हायब्रेशनचं युनिट सोडवलं. आमची पेटी एक किलोने जड भरली, सगळं मिळून १७ किलो. हत्तीला ऑडिटोरियमच्या विंगेत कायमची जागा मिळाली, सरांनी त्यावर ‘हलवू नये’ अशी पाटी लावली आहे.

गेल्या शनिवारी ती स्कूटीवर पुढे डोकं, मागे मैत्रिणीच्या मांडीवर पेटी असा सगळा संसार लेडीज हॉस्टेलला घेऊन गेली. मी जाताना सगळ्या बटणांच्या जागा चिकटपट्टीवर पेनने खुणा करून दिल्या होत्या. रविवारी प्रॅक्टिसला ऐकलं तर ट्वीटर चालू, ९० चा उंचवटा सपाट आणि पेडलची वायर काढून बाजूला ठेवलेली. म्हणाली, ‘दादा, तुमचा आवाज छान आहे. पण माझी बोटं त्यात ऐकू येत नव्हती.’

चिकटपट्टी मात्र तिने काढलेली नाही.