फळीचा साहेब झाला

बोर्ड हा जन्माने फळी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याची ओळख मुख्यतः अशी होती: चिरलेलं, तासलेलं लाकूड, किंवा जहाजाची कड. पुढे कुणी ती फळी लाकडी घोड्यांवर आडवी टाकून तिच्यावर जेवायला बसलं आणि या गृहस्थाचं नशीब फिरलं. टेबल बोर्ड झालं, मग टेबलावरचं जेवणही बोर्ड झालं. जेवणं आटोपल्यावर त्याच टेबलाभोवती कागद पसरून बसणारी माणसं, तीही बोर्ड. बसणाऱ्यांनी बसायच्या जागेचं नाव लावलं आणि लाकूड मागे पडलं. इंग्रजांना ही हौसच दिसते. न्यायाधीशाला ते बाक म्हणतात, अध्यक्षाला खुर्ची. अर्थात आपणही गादी चालवतो आणि तख्त उलथवतो, तेव्हा हसण्यात अर्थ नाही.

विलायतेत त्याचा गोतावळा मोठा. पत्त्याच्या डावात हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे ठेवणारा तो ‘अबव्ह बोर्ड’, म्हणजे सचोटीचा. ‘कपबोर्ड’ ही आधी पेले मांडायची उघडी फळी होती, तिला दारं नंतर आली. (आपल्या कपाटाशी तिचं नातं जुळवायचा मोह होतो, पण कपाट संस्कृतातून आलं आणि तिथे त्याचा अर्थ दार.) डॅशबोर्ड म्हणजे घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढे ठोकलेली फळी. घोडे गेले, फळी राहिली, मग तिच्यावर काटे आणि दिवे बसले. आता जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पडद्यावरही डॅशबोर्ड असतो. चिखल त्याच्यावर आकड्यांच्या रूपाने येतो.

आपल्याकडे मात्र बोर्ड आला तो हुकूम बनूनच. 1784 च्या पिटच्या कायद्याने लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ बसलं आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांच्या नाकात वेसण घातली गेली. हे बोर्ड 1858 मध्ये गेलं, पण 1928 मध्ये इथे क्रिकेटची संस्था निघाली तिच्याही नावात ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ आहेच. ‘बोर्डाने त्याला वगळलं’ असं आपण म्हणतो तेव्हा चार निवडकर्ते डोळ्यांपुढे येत नाहीत, एक बिनचेहऱ्याची वस्तू येते. लोकल बोर्डाचं तसं नव्हतं. त्याच्या जागी 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या तरी जुनी माणसं ‘मी लोकल बोर्डाच्या शाळेत शिकलो’ असंच सांगत राहिली, आणि सांगताना आवाजात थोडी ऐट असे.

घराघरांत दहशत बसवली ती परीक्षेच्या बोर्डाने. त्याचं पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पण ते फक्त गुणपत्रिकेवर. ‘यंदा बोर्डाचं वर्ष आहे’ एवढं म्हटलं की पाहुणे यायचे थांबतात, टीव्हीवर चादर पडते आणि आजीला मोठ्याने रेडिओ लावता येत नाही. पूर्वी ‘पोरगा बोर्डात आला’ याचा अर्थ गुणवत्ता यादीत आला. मग आई पेढा भरवतानाचा फोटो पेपरात. यादी बंद झाली तरी गावाकडे अजून कुणी विचारतंच, ‘बोर्डात आला का रं?’ पोरगं मोबाइलमधून डोकं काढून टक्के सांगतं.

विजेच्या बोर्डाचे तर 2005 मध्ये तुकडे पडले आणि वीज द्यायचं काम महावितरणकडे गेलं. तरी लाइट गेली की शिव्या एमएसईबीलाच. दक्षिण मुंबईच्या जुन्या चाळींत ‘रिपेअर बोर्ड’ म्हणतात ते निराळं. त्याची नोटीस जिन्यात चिकटली की वरच्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सगळ्यांच्या मीटिंगा सुरू होतात.

या सगळ्या साहेबांत मला खरा माणूस वाटतो तो एसटीचा बोर्ड. गाडी फलाटाला लागते तेव्हा काचेमागे बहुतेक वेळा आधीच्या खेपेचंच गाव असतं. लोक दाराला झोंबतात, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतं, आणि मग वाहक सावकाश तो पत्रा उपसतो, उलटा करतो, पुन्हा खोचतो. अर्धी गर्दी खाली उतरते. ‘बोर्ड वाचता येत नाही का?’ असं वर ऐकवलं जातं ते वेगळंच. पुण्यातल्या पाटीला मात्र बोर्ड म्हणू नये. बोर्ड माहिती देतो, पाटी कानउघाडणी करते.

आणि कॅरम. तिथे हा लाकडी तर आहेच, शिवाय डावालाही बोर्ड म्हणतात: पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, जे आधी होईल ते. बोरिक पावडर चोळलेल्या त्या चौकोनावर आठवा बोर्ड राणीवर अडकला की गल्लीतली मैत्री पणाला लागते.

पण जेवणाचा बोर्ड? तो आपल्याकडे बोर्डिंग होऊन आला, आणि इथे या शब्दाने विलायतेपेक्षा मोठं काम केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा मिळेलही, पण भाकरी कुठली, हा खरा प्रश्न होता. बोर्डिंगने आधी तो सोडवला. दसरा चौकात आजही पत्ता सांगताना लोक बोर्डिंगच्या खुणेवर सांगतात.

त्या जैन बोर्डिंगात राहिलेले भाऊराव पाटील पुढे एक पाऊल पलीकडे गेले. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींच्या मुलांचं, एकत्र राहायचं आणि एकत्रच जेवायचं. त्या काळात पंगत हाच जातीचा पहारा होता, त्यामुळे वर्गात शेजारी बसवण्यापेक्षा ताटाला ताट लावणं कितीतरी अवघड. पीठ संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडायचे; शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं.

अलीकडे हिंजवडीच्या कंपन्यांत नव्या पोरांचं ‘ऑनबोर्डिंग’ होतं. लॅपटॉप देतात, गळ्यात पट्टा अडकवतात, पंधरा फॉर्म भरून घेतात. जेवण कँटीनमध्ये, आपापल्या पैशाने.